एक दिवस नगरला, कामाशिवाय



नगरला आपण सगळ्याच जातो. जमिनीच्या नकाशासाठी जातो, दाखल्यासाठी जातो, सिव्हिल हॉस्पिटलला जातो, पोरीच्या कॉलेजला जातो, कोर्टाच्या तारखेला जातो. माळीवाडा स्टँडवर उतरायचं, रिक्षा करायची, रांगेत उभं राहायचं आणि उजेडी घर गाठायला परतीची एसटी धरायची. इतक्या वर्षांत नगरात काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर आपल्याला आठवते ती खिडकी, शिक्का आणि साहेबाची रिकामी खुर्ची.

आता सरकारी कागदावर शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. अहिल्यादेवी होळकर आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७२५ साली त्यांचा तिथं जन्म झाला. पण बोलताना आपल्या तोंडी अजून नगरच येतं, म्हणून आजच्या बोलण्यात आम्हीही नगरच म्हणणार आहोत.

घरातून निघताना एक प्रश्न ठरलेला असतो. ‘नगरला? काय काम काढलंस?’ ‘काम काही नाही, नगर बघायला चाललेय’ असं उत्तर आमच्या गटातल्या एकीनंही कधी दिलं नव्हतं. यंदा शाळू काढून झाला, मळणी उरकली, आणि आम्ही ते उत्तर दिलं. बारा जणी होतो. गटाच्या बचतीला हात लावला नाही. वर्षभर दर महिन्याला प्रत्येकीनं वीस-वीस रुपये वेगळे काढले होते, त्यातून जीप ठरवली. भाकरी घरच्याच होत्या.

त्या दिवशी आम्ही जे पाहिलं, त्यातलं इतिहासाचं तेवढं आज तुम्हाला सांगतो. राजांची वंशावळ पाठ करायची नाही. एवढं मोठं शहर उभं राहिलं ते कुणाच्या हातांनी, कुणाच्या पाण्यावर, आणि त्यात बायांचं नाव कुठं राहिलं, कुठं पुसलं गेलं, हे आम्ही बघत होतो.

आधी शहराची कुळकथा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही. बहमनी राज्याचा एक सरदार मलिक अहमद स्वतंत्र झाला. १४९० साली त्यानं भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात, सीना नदीच्या काठी, १४९४ साली नवं शहर वसवायला घेतलं. त्याच्या घराण्याला निजामशाही म्हणतात. ती १६३६ पर्यंत टिकली. मग मोगल आले. बादशहा औरंगजेब १७०७ साली मेला तो इथंच, भिंगारच्या छावणीत. १७५९ साली किल्ला पेशव्यांकडं आला, नंतर शिंद्यांकडं गेला. १८०३ साली इंग्रजांनी तो शिंद्यांकडून जिंकला. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ साली, इथं कलेक्टर बसला आणि नगर हे जिल्ह्याचं ठिकाण झालं. म्हणजे आपण आज ज्या कचेऱ्यांच्या नगरात रांगेत उभ्या राहतो, ते नगर इंग्रजांनी घडवलेलं आहे आणि ते निजामशहाच्या नगरावर बसलेलं आहे.

आम्ही पाथर्डीच्या रस्त्यानं आलो, त्यामुळं पहिल्यांदा लागला शहा डोंगर. शहराच्या दहा-बारा किलोमीटर अलीकडं डोंगरमाथ्यावर एक तीन मजली, आठ कोनांची दगडी इमारत दिसते. एसटीतून जाताना तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली असेल. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. तो महाल नाही, आणि चांदबीबीचा तर नाहीच. ती सलाबतखानाची कबर आहे. हा सलाबतखान मुर्तझा निजामशहाचा कारभारी होता. भातोडीचा तलाव त्याचाच म्हणतात. इंग्रजांच्या काळात याच कबरीत गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी ठेवत, कारण वर वारा भरपूर आणि उन्हाळ्यातही थंडावा.

आमच्यातली एक म्हणाली, ‘बरं झालं की, बाईचं नाव लागलंय तर लागू द्या.’ त्यावर दुसरी म्हणाली, ‘जे केलं नाही त्याचं नाव लावायचं, आणि जे केलं ते सांगायचं नाही, हे कुठलं बरं?’ डोंगरावरून उतरेपर्यंत तो वाद चालला होता. त्या वादाचं उत्तर किल्ल्यात होतं, म्हणून आम्ही तिकडं निघालो.

नगरचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. जवळजवळ गोल आहे आणि त्याचा घेर दीड किलोमीटरहून जास्त आहे. भोवती खोल रुंद खंदक आहे. पहिला कोट मातीचा होता. हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधून काढला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळं आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं.

या हुसेनशहाच्या राणीचं नाव खुंजा हुमायून. हुसेनशहा १५६५ साली वारला तेव्हा मुलगा मुर्तझा लहान होता. काही वर्षं राज्याचा कारभार या बाईनं पाहिला. पुढं सरदारांनी मुलाला हाताशी धरलं आणि तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हुसेनशहाच्या स्तुतीची एक सचित्र पोथी आहे, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. तिच्यातल्या चित्रांत राणी राजाच्या शेजारी बसलेली काढली होती. पुढं कुणीतरी बहुतेक चित्रांतली तिची आकृती रंग फासून पुसून टाकली. आज त्या जागी डाग दिसतो. राजा आहे, दासी आहेत, झाडं आहेत, आणि राणीच्या जागी डाग.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक माजी सरपंच बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या पाच वर्षांत पाण्याची टाकी झाली. कोनशिलेवर सगळ्यांची नावं आहेत.’ पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

चांदबीबी ही याच खुंजा हुमायूनची लेक. तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं. नवरा गेल्यावर तिनं विजापुरात लहान पुतण्याच्या वतीनं कारभार पाहिला, आणि मग माहेरी नगरला आली. १५९५ च्या अखेरीला अकबर बादशहाचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन नगरवर आला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले, त्यात दारू भरली. आतल्या लोकांना सुगावा लागला आणि त्यांनी काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. पण एक सुरुंग उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. तेव्हा चांदबीबी हातात तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली, आणि रात्रीत तिनं ती भिंत पुन्हा उभी करून घेतली.

ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात तलवारीपर्यंत वाचतो. पण किल्ल्यात उभं राहिल्यावर त्या रात्रीचा हिशेब मनात येतो. दगड वाहायला माणसं लागली असतील. चुना कालवायला, पाणी आणायला, मशाली धरायला, एवढ्यांना भाकरी करून घालायला लागली असतील. रात्रीत भिंत उभी राहते ती शेकडो हातांनी. चांदबीबीचं मोठेपण असं, की त्या रात्री एवढे हात तिच्या शब्दावर हलले.

आणि तलवारीच्या पुढची गोष्ट तर फारशी कुणी सांगतच नाही. १५९६ साली चांदबीबीनं मोगलांशी तह केला. वऱ्हाड सोडून दिला आणि नगर वाचवलं. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले, तेव्हा आत फितुरी होती, दाणागोटा अपुरा होता. बोलणी करून माणसं वाचवावीत असं तिचं मत पडलं. लगेच ओरड झाली की बाई शत्रूला मिळाली. तिच्याच लोकांनी तिला १६०० साली ठार केलं. मग किल्ला वाचला का? थोड्याच दिवसांत, त्याच ऑगस्टमध्ये, तो मोगलांच्या हाती गेला.

लढली तेव्हा शूर, आणि बोलणी करायला निघाली तेव्हा फितूर. चारशे वर्षं झाली या गोष्टीला. ग्रामसभेत एखादी बाई ‘भांडण मिटवून घेऊ’ म्हणाली, की तिला कुणाकडून फूस आहे असं आजही विचारतात. डोंगरावरच्या कबरीला चांदबीबीचं नाव देऊन लोक मोकळे झाले. तिचं खरं काम या तटात आहे आणि त्या तहात आहे.

किल्ल्यात अजून एक जागा आम्ही पाहिली. १९४२ साली ‘चले जाव’चा ठराव झाला आणि लगेच काँग्रेसचे बारा मोठे नेते पकडून इथं आणले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे सगळे. १९४५ पर्यंत त्यातले बहुतेक इथं होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९४४ साली पाच महिन्यांत इथंच लिहिलं. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ते आपल्या बागकामाबद्दल सांगतात. उन्हात तासन् तास खणायचे. जमीन वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राड्यानं भरलेली. खणता खणता जुन्या भिंती लागत. आणि तिथंच त्यांना चांदबीबीची आठवण होते. नगरची जमीन खणणं काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मौलाना आझाद त्याच आवारात होते. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असल्याची खबर किल्ल्यात आली होती, पण मौलानांना त्यांची शेवटची भेट झाली नाही. तुरुंगात लिहिलेल्या आणि कधी टपालात न पडलेल्या पत्रांचं त्यांचं पुस्तक आहे, ‘गुबार-ए-खातिर’, त्यात एक पत्र या मरणाबद्दल आहे. आत राहिलेल्या बारा जणांची नावं भिंतीवर वाचायला मिळतात. तीन वर्षं बाहेर त्यांची घरं ज्यांनी चालवली, त्यांची नावं आपण आपल्या मनात घ्यायची.

इंग्रजांनी हा किल्ला कसा घेतला, तेही सांगायला हवं. १८०३ चा ऑगस्ट. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढं युरोपात वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा तोच. ८ ऑगस्टला त्यानं शहराची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला ताब्यात आला. पेशव्यांच्या बाजूचे सरदार गोखले तेव्हा इंग्रजांच्या छावणीत होते. त्यांनी पुण्याला कळवल्याची नोंद आहे, की ही माणसं विचित्रच, सकाळी आली, भिंत पाहिली, चढून गेली, आतल्यांना मारलं आणि न्याहारीला परतली. जी भिंत चांदबीबीनं महिनोन् महिने लढवली, ती चार दिवसांत गेली. भिंत तीच होती, पण आत एकी नव्हती.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर पूर्वेला, अगदी जवळ, दमडी मशीद आहे. लहानशीच आहे, पण दगडावरचं नक्षीकाम असं बारीक की लाकूड कोरल्यासारखं वाटतं. ती साहिरखान नावाच्या सरदारानं १५६७ च्या सुमाराला बांधली असं नोंदीत आहे. लोक मात्र वेगळी गोष्ट सांगतात. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी आपल्या रोजातून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्या पैशातून ही मशीद झाली, म्हणून तिचं नाव दमडी. दमडी म्हणजे पैशाहूनही लहान नाणं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही म्हणतो, त्यातली दमडी.

महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकून गट चालवणाऱ्या बायांना ही गोष्ट कुणी समजावून द्यावी लागत नाही. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी मशिदीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी दगडावर हात फिरवला. १९७२ च्या दुष्काळात त्या आमच्या गावाच्या पाझर तलावावर होत्या. खडी फोडायला, माती वाहायला. आजी म्हणाल्या, ‘या लोकांनी आपल्यासाठी काहीतरी बांधलं तरी. आम्ही तलाव बांधला, त्याच्यावर कुणाचं नाव हाय?’ १९७२ मध्ये आपल्या जिल्ह्यात किती रस्ते आणि किती तलाव बायांनी डोक्यावर माती वाहून केले, ते आठवून बघा. आजींचं हे बोलणं ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडं परत यायचं आहे.

दुपारची भाकरी आम्ही फराहबागेपाशी खाल्ली. सोलापूर रस्त्याच्या अंगाला हा निजामशहांचा बागेतला महाल आहे. १५८३ च्या सुमाराला तो पुरा झाला. मधोमध उंच घुमटाचं दालन, भोवती एके काळी तलाव. आज तलाव कोरडा आहे आणि महालाची पडझड झाली आहे. पण उन्हातून आत पाऊल टाकलं की गारवा लागतो.

इथं आम्हाला पाण्याचा प्रश्न पडला. या कोरड्या माळावर तलाव भरायचे कशानं? उत्तर असं, की पाणी गावांतून यायचं. शहराभोवतीच्या डोंगरपायथ्याच्या गावांत, कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा ठिकाणी उंचावरच्या विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी धरलं होतं. तिथून जमिनीखालून खापरी नळ टाकले. नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे, एकात एक बसवलेले. उतार असा धरला की पाणी आपोआप शहरापर्यंत जावं. मध्ये मध्ये हवा सुटायला आणि गाळ काढायला उच्छ्वास ठेवले. शहरात ते पाणी हौदात पडे, तिथून वाड्यांत आणि बागांत जाई. पंप नाही, वीज नाही, आणि तरी राजाचं कारंजं उडत होतं.

ज्या गावांचं पाणी शहरात जाई, त्या गावांतल्या बायांना हंडा घेऊन किती लांब जावं लागत असेल, हे कुठल्या बखरीत नाही. आजही नगरला पाणी राहुरीच्या मुळा धरणातून येतं. शहराला गाव पाणी देतं, धान्य देतं, दूध देतं, मजूर देतं. म्हणून नगरात गेल्यावर परक्या घरी आल्यासारखं एका कडेला उभं राहायचं काही कारण नाही. या शहराला आपल्या गावांनी पाचशे वर्षं पाणी पाजलं आहे.

जेवणात ठेचा होता आणि शेंगदाण्याची चटणी होती. गंमत बघा, मलिक अहमदानं हे शहर वसवलं तेव्हा त्याच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हती आणि शेंगदाणाही नव्हता. दोन्ही पिकं अमेरिका खंडातली. मिरची मूळची मेक्सिकोकडची. स्पेनच्या लोकांनी १५२१ साली तिथली राजधानी जिंकली, तिथली देवळं पाडली आणि त्यांच्याच दगडांतून आपलं शहर बांधलं. मेक्सिकोतली अशी जुनी शहरं बघायला आज जगभरातून लोक जातात. त्याच सुमाराला पोर्तुगीजांनी निजामशहाच्या चौल बंदराजवळ, रेवदंड्याला, किल्ला उभारला. पोर्तुगीज गलबतांतून ही नवी पिकं आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून आली. परक्या राज्याच्या खुणा दगडात असतात तशा आपल्या पाट्यावरही असतात. इंग्रजांनी नगरात फार पाडापाडी केली नाही. त्यांनी निजामशाहीतल्या काही जुन्या वाड्यांत आणि मशिदींत आपल्या कचेऱ्या थाटल्या, आणि भिंगारला छावणी वसवली.

जेवण झाल्यावर आम्ही शहरात आलो. शहराला पूर्वी तट होता. त्याच्या दोन वेशी अजून उभ्या आहेत, माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा. खालून रिक्षा आणि मोटारसायकली जात असतात, वर बघायला कुणाला सवड नसते. आम्ही थांबून वर बघितलं.

इथल्या कचेऱ्या आणि कोर्ट यांच्याशी आपल्या गावांचं एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. इंग्रजांनी शेतसारा रोकड्यात मागायला सुरुवात केली. पाऊस पडो न पडो, सारा द्यायचाच. शेतकरी सावकाराकडं गेला. सावकारानं खत लिहून घेतलं आणि शेतकऱ्यानं अंगठा दिला. त्यात काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं. मध्यंतरी अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला भाव आला. ते युद्ध १८६५ साली संपलं, भाव कोसळले आणि कर्ज तेवढं राहिलं. सावकार कोर्टात जाई. शेतकरी तारखेला पोहोचत नसे. एकतर्फी निकाल होई आणि जमीन जाई. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. तिथून ते लोण आपल्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडच्या गावांत आलं. लोक सावकारांना म्हणाले, खतं बाहेर काढा. आणि त्यांनी ती जाळली. माणसांना फारसा हात लावला नाही, राग कागदावर होता. चौकशी बसली आणि १८७९ साली कायदा आला, की खत गावच्या निबंधकासमोर, समजावून सांगून लिहिलं जावं.

कागद वाचता येत नाही म्हणून जमीन जाते, हे ज्या काळात घडत होतं, त्याच काळात याच नगरात मुलींच्या हातात पाटी आली होती. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथं आले. १८३९ मध्ये सिंथिया फरार नावाची बाई मुंबईहून नगरला आली. एकटी, बिनलग्नाची. तिनं मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली ती नगरातच वारली. तिचं काम धर्मप्रसाराच्या संस्थेचं होतं, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवलंय, की नगरच्या फरारबाईंच्या शाळा पाहून मुलींची शाळा काढायचं त्यांच्या मनात आलं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात ती शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे नगरला फरारबाईंच्या संस्थेत घेतले. म्हणजे देशभरातल्या बाया ज्या सावित्रीबाईंचं नाव घेऊन रजिस्टर उघडतात, त्या सावित्रीबाई शिकायला आपल्या नगरला आल्या होत्या.

आमच्या गटात आज बारापैकी नऊ जणी सही करतात. तिघी अंगठा देतात, पण कागद वाचून घेतल्याशिवाय देत नाहीत. दारात कर्ज घेऊन येणारा माणूस हल्ली गोड बोलतो, मोबाइलवर बोट ठेवायला सांगतो आणि पुढच्या आठवड्यापासून वसुलीला येतो. १८७५ मध्ये जो प्रश्न होता तोच आजही विचारायचा, ‘यात लिहिलंय काय?’ वाचून दाखवल्याशिवाय बोट ठेवायचं नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. नगर बघायला जायचं असेल तर आधार कार्ड जवळ ठेवा, किल्ला कोणत्या वेळी उघडा असतो ते आधी विचारून घ्या, आणि शहा डोंगरावर सकाळी लवकर चढा, कारण वर पाणी मिळेलच असं नाही. लेकी-सुनांना बरोबर घ्या. वेळ उरला तर छावणीत रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पोरांना ते आवडतं. एका दिवसात सगळं होत नाही. आमची बागरोजा राहिली, मलिक अहमदाची कबर आहे ती. त्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ.

आणि आजींच्या बोलण्याचं आम्ही काय केलं ते सांगतो. परत आल्यावर पुढच्याच बैठकीत गटाच्या रजिस्टरमध्ये मागची दोन पानं कोरी सोडली. आजींना विचारून, आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारून, १९७२ मध्ये आमच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बायांची नावं लिहायला घेतली. माहेरचं नाव, सासरचं नाव, किती दिवस काम केलं, रोज किती मिळाला. आजवर एकतीस नावं झाली आहेत. त्यातल्या सहा जणी आता हयात आहेत. तुमच्या गावातही असा एखादा रस्ता, तलाव, विहीर, शाळेची भिंत असेल. त्यावर राबलेल्या बाया आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढं आहेत. या महिन्याच्या बैठकीत त्यांना बोलवा आणि विचारून घ्या. यादी मोठी झाली की ग्रामसभेत मांडायची आणि कोनशिलेची मागणी करायची, असं आम्ही ठरवलं आहे. तुमची यादी झाली की आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात आपण ती नावं वाचू.